मधला कोरा चौकोन

ऑफिसात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. उन्हाळाभर तिचं काम एकच. दुपारी दीडच्या सुमारास राखीव जंगलावरून उपग्रह जाई, तासाभराने त्याने टिपलेली आग नकाशावर लाल ठिपक्यांनी उमटे, आणि ते पाहून ती आग विझवायची गाडी कुठे पाठवायची ते सांगे. एकेक ठिपका म्हणजे चार-पाचशे पावलांचा चौकोन. स्वतः ती जंगलात उभ्या जन्मात दोनदा गेली होती, पण पाणवठे सगळे तोंडपाठ.

तिचा सख्खा थोरला भाऊ त्याच जंगलात वनरक्षक होता. टेकडीखालच्या चौकीत एकटाच राहायचा. त्या चौकीवर नवे पत्रे घातले आणि गोची झाली. भर उन्हात पत्रे असे तळपत की उपग्रहाला ती आगच वाटे. तीनदा गाडी धावली, तीनदा दादा दारात भांडी घासताना सापडला. गाडीचा ड्रायव्हर मुळातच तिरसट. तो म्हणाला, उपग्रहाला चष्मा करा, नाहीतर बाईंना तरी करा. सगळं ऑफिस हसलं. तिला ते झोंबलं, आणि तिने तो चौकोन वगळायच्या यादीत टाकून दिला. वीटभट्ट्या, धुराडी अशा रोज तापणाऱ्या जागा त्या यादीत असत. त्यांचे ठिपके मग नकाशावर येतच नसत. माणूस अपमान विसरत नाही, त्यावर केलेला उपाय मात्र साफ विसरतो. तीही विसरली.

त्या दुपारी टेकडीच्या चहूबाजूंनी ठिपके उमटले. अकरा होते. मधला एक चौकोन तेवढा कोरा. साहेबांनी वाकून पाहिलं, चौकी वाचली म्हणाले, आणि गाडी उत्तरेच्या गवताळ भागाकडे पाठवायला सांगितली. तिनेही सुटकेचा श्वास टाकून तसा निरोप दिला. मग तिला यादी आठवली.

यादी उघडली तर नोंदीपुढे तिचंच नाव. तिने नोंद काढली. नकाशा पुन्हा उमटायला अर्धं मिनिट लागलं, आणि मधला चौकोन लाल झाला. पत्रा की आग, हे जगातला कुठलाच नकाशा तिला सांगू शकत नव्हता.

"साहेब, चूक माझी आहे," ती म्हणाली. "चौकी नकाशावरून मीच पुसून ठेवली होती. गाडी आत्ता वळवा."

साहेबांनी गाडी वळवली. चौकीच्या वायरलेसवर नुसती खरखर. तेवढ्यात वहिनीचा फोन आला. यांचा फोन लागत नाही, गावातून धूर दिसतोय, असं ती सांगत होती. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला वरनं सगळं दिसतं ना?"

तिला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. आपण दादाला मारलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

पाऊण तासाने वायरलेसवर ड्रायव्हरचा आवाज आला. दादा जिवंत होता. धूर पाहताच त्याने, वणव्याला खायला काही उरू नये म्हणून, चौकीभोवतीचं गवत आपणच पेटवलं होतं आणि त्या काळ्या राखेवर ओलं घोंगडं पांघरून बसून राहिला होता. चौकीची एक भिंत गेली, पत्रे राहिले. ऐकून ती खुर्चीतच रडली, सगळ्यांसमोर.

तो चौकोन आता यादीत नाही. पत्रे रोज तळपतात, ठिपका रोज उमटतो, आणि ती रोज वायरलेस उचलते.

"दादा, जळतोयस का?"

"नाही गं, जेवतोय."

उत्तर यायला कधी दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ ती वायरलेस कानाशी धरून असते, आणि ड्रायव्हर गाडीची किल्ली घेऊन दारात उभा असतो. आता तो हसत नाही.