मामांना फेटा कोण बांधणार?

जंगलात गव्यांना पळवणारा आणि गावात साहेबांना सजवणारा असा दुसरा माणूस कोल्हापुरात झाला नाही. ते माझ्या धाकट्या भावाचे सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो आणि ते सोयऱ्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांनाच पावणं म्हणायचे. नोकरी जंगलखात्यात, वनपालाची. सत्तरच्या दशकात खात्याच्या मनात आलं, की शहरातल्या लोकांना दर रविवारी राधानगरीकडचं जंगल फुकट हिंडवून आणावं. हे काम मामांच्या गळ्यात पडलं. आता कोल्हापूरकराला सहल म्हणजे रस्सा, एवढंच ठाऊक. पहिल्याच रविवारी एका तालमीची मंडळी पातेली, सरपण आणि एक जिवंत बोकड घेऊन गाडीत चढली. मामांनी कपाळावर हात मारला. "जंगलात लाकडं घिऊन निघालाय व्हय? आन् बोकडाला काय वाघ दावायचा हाय?" बोकड खाली उतरवून मामांच्याच दारात बांधला. संध्याकाळपर्यंत त्यानं मामींची तुळस फस्त केली.

जंगलात बोलायचं नाही, हा मामांचा पहिला नियम, आणि तो ते अख्ख्या दरीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. झाडीत गवा दिसला रे दिसला, की यांची आरोळी, "गप्प ऱ्हावा म्हंतो न्हवं!" गवा काय बहिरा असतो? मी कितीतरी रविवार त्यांच्याबरोबर गेलो, पण गव्याचं तोंड कसं असतं ते देव जाणे, मला फक्त पाठ ठाऊक. तरी लोक पुन्हा पुन्हा येत. मामा वाटेतल्या शेणापाशी बसकण मारत आणि विचारत, "ह्यानं काल काय खाल्लं असंल, सांगा बघू?" मग वकील, डॉक्टरीणबाई, गुळाचे अडते, सगळे त्या शेणाभोवती कोंडाळं करून तावातावानं भांडत. उत्तर मामांना तरी कुठं माहीत असे! "ठावं असतं तर तुमाला कशाला इचारलं असतं?"

त्यांची दुसरी कला फेट्याची. खात्यात दरवर्षी चांगल्या कामाबद्दल कुणाकुणाचा सत्कार होई. शाल, नारळ आणि मामांच्या हातचा फेटा. वाकडा फेटा त्यांना सहनच होत नसे. एका लग्नात तर त्यांनी बोहल्यावरच्या नवरदेवाचा फेटा सोडून पुन्हा बांधला, आणि तेवढ्यात मुहूर्त टळला! रविवारच्या फेऱ्यांचं सगळीकडे कौतुक होत होतं, मग यांचा सत्कार का नाही, याचं मला कुतूहल. एकदा विचारलंच.

"सायेब म्हंत्यात, तुमाला खुर्चीत बसवलं तर बाकीच्यास्नी फेटं कोण बांधणार? खरंच हाय की," म्हणून मामा हसले. मग हसू ओसरलं. "पर आता रिटायर व्हायला सा म्हैनं ऱ्हायलं. एकदा डोईवर पडाय पायजे हुता, पावणं."

मला त्या साहेबाचा असा संताप आला म्हणून सांगू!

त्या वर्षी मात्र खरोखरच मामांचं नाव पुकारलं. मामा सवयीनं फेट्याचं कापड घेऊन खुर्चीच्या मागं जाऊन उभे राहिले, सत्कारमूर्तीची वाट बघत. साहेब म्हणाले, "अहो, तुम्हीच बसायचंय!" मामा बसले. आता बांधणार कोण? एका कारकुनानं हात घातला, तो फेटा थेट मामांच्या नाकावर आला. लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "मामा, तुमीच बांधा की!"

"आपल्याच हातानं बांधला तर त्यो सत्कार कसला?" मामा म्हणाले. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून मामी उठल्या. फेट्याच्या चुण्या घालताना दुसरं टोक धरायला माणूस लागतं, आणि घरी ते टोक आजवर त्यांनीच धरलं होतं. पदर खोचून त्या सरळ व्यासपीठावर चढल्या. कारकुनाला म्हणाल्या, "सरका." नवऱ्याला म्हणाल्या, "आन् तुमी हलू नगासा." बघता बघता फेटा झाला, पण डावीकडं चांगलाच कलला. सगळ्या सभागृहाचे डोळे मामांच्या हाताकडं. हात वर गेला, कानापाशी थांबला आणि पुन्हा मांडीवर आला.

बाहेर पडताना मी म्हटलं, "मामा, जरा सरळ करू का?"

"हात लावू नगा, पावणं."

घर दोन गल्ल्यांवर होतं. पण दोघं रंकाळा तलावाला वळसा घालून गेली, मामा पुढं, नारळ घेऊन मामी मागं. मी रस्त्यात उभा राहून बघत होतो. खरं सांगतो, डोळे भरून आले.