मामाच्या वेताच्या काठ्या

माझी सातवी झाली आणि घरात शाळेचं नाव काढायची सोय उरली नाही. पुढची शाळा सातारला. वाट दोन्ही बाजूंनी उसाची, आणि तिथं टवाळ पोरं ठाण मांडून बसलेली. वडिलांनी सांगून टाकलं, "बास झालं शिक्षाण." मी रडले नाही, भांडले. पालथ्या घड्यावर पाणी!

तेवढ्यात सांगलीचा मामा आला. जहाजावरच्या नोकरीत तो जपानी बंदरात कराटे शिकला होता, आणि फिलिपिनो खलाशांकडून दोन आखूड वेताच्या काठ्यांची लढत. चहा प्यायच्या आधीच त्यानं सुरू केलं, "दाजी, ही इद्या पोरींनीच शिकावी. ताकद कमी लागती, डोकं जास्त."

वडील हसले. "पाव्हणं, तालमीतल्या गड्यांफुडं दावा. त्यांनी मानलं, तर पोरगी सातारला जाईल."

उन्हाळाभर मामानं परसात माझा घाम काढला. एकच घोकंपट्टी, "काठीशी भांडू नगंस. काठी धरल्याल्या हातावर मार." मला तर झोपेतही काठ्या फिरवाव्याशा वाटत.

ठरल्या दिवशी देवळापुढं सगळा गाव जमला. समोर तालमीतला थोरला पैलवान. मामा जपानी रीतीनं नमस्कार करायला कमरेत वाकला. आमच्याकडं आखाड्यात समोरचा वाकला की त्याचा अर्थ एकच, गडी पट काढायला, म्हणजे पाय धरायला आला. पैलवानानं सवयीनं मामाच्या मानेवर हात टाकला आणि त्याला उताणा पाडला.

"झालं व्हय कराटं?" गाव खदाखदा हसलं.

"आरं, मी नमस्कार करत हुतो!" मामा धुळीतून ओरडला. पण ऐकतो कोण?

माझी शाळा माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. असा संताप आला म्हणता! काठ्या उचलल्या आणि मधे जाऊन उभी राहिले. "आता माज्यासंगं."

पैलवानानं हसतच लाठी घेतली आणि लाडानं हलवली.

"आवं दादा, माशा हाकताय व्हय?"

लोक त्याला हसले. मग मात्र लाठी खरीच आली. मी बाजूला सरकले, एका काठीनं ती वळवली आणि दुसरी त्याच्या बोटांवर हाणली. लाठी खाली! माझं काळीज आनंदानं नुसतं उड्या मारत होतं.

पैलवान बोटं झटकत म्हणाला, "आयला, लय लागलं की गं!" आणि मामाला उठवत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माज्या भनीला बी शिकवा."

वडील झपाझप पुढं चालत घरी आले. उंबऱ्याशी त्यांनी माझ्या हातातल्या काठ्या घेतल्या, खुंटीवरच्या माझ्या दप्तराला लावून पाहिल्या.

"ह्यात मावायच्या न्हाईत," ते म्हणाले. "आईला सांग, लांब पिशवी शिवाया."