कळलावी आणि शतावरी

रुक्माआत्या गेल्याचा निरोप आसेगावच्या गाडीवानानं वाशीमला आणला, त्याला आता महिना झाला. मी पोचले तेव्हा खांद्याला तिघंच होते. चौथा म्हणून मी महादूला हात जोडले. त्याचा जन्म आत्याच्याच हातचा. तो म्हणाला, "माह्या मायले मारणारीले खांदा काहून देऊ?"

आत्या माझ्या वडिलांची बहीण, गावची सुईण, तोंडाची भारी फटकळ. मी विधवा होऊन तिच्याकडे राहायला आले, तेव्हा तिनं मला रानात नेऊन दोन वेली दाखवल्या. शतावरी काटेरी, बारीक पांढऱ्या फुलांची. तिची मुळी बाळंतिणीला दूध यावं म्हणून. कळलावीचं फूल लालपिवळं, चुलीतल्या जाळासारखं. तिचा कंद उगाळून अडलेल्या बाईच्या तळपायाला लावायचा, मूल सुटलं की लगेच धुवायचा. पोटात गेला तर विष. "फुलावर असल्या तं कोणीबी वळखते. पण चकत्या वाळल्या का दोघी पांढऱ्या. मनून कळलावी घरात आणाची नाई, गोठ्यातच ठेवाची. ध्यानात ठेवजो!"

ठेवलं नाही मी ध्यानात... वीस वर्षांपूर्वीच्या पौषात अवकाळी पाऊस झाला, गोठा गळू लागला. आत्या रिठदला गेलेली. मी मोठ्या शहाणपणानं कळलावीची पुरचुंडी उचलून घरात, शतावरीजवळ ठेवली. दुसऱ्या दिवशी महादूची आजी आली. तिची सून गोदा बारा दिवसांची बाळंतीण, तिला दुधातून द्यायला पूड हवी होती. मी कुटून संध्याकाळी तिच्या घरी पोचवली. तीन दिवस ओकून ओकून गोदा मेली. अरे देवा, काय हाल झाले त्या पोरीचे!

आत्या परतली. घरातली पुरचुंडी पाहून सारं समजली. दारात जमलेल्या लोकांना म्हणाली, "पूड मीच कुटून ठेवली होती. माह्याच हातून चुकलं." मग आत येऊन मला म्हणाली, "तोंड उघडू नको. तुले अजून जगाचं हाय."

आणि मी नाही उघडलं. पुढं वाशीमला मास्तरीण झाले, लोकांच्या लेकी शिकवल्या. आत्याला मात्र वीस वर्षांत कुणी बोलावलं नाही. शेजारी बाई अडून ओरडायची, तेव्हा ही उंबऱ्यावर मुठी आवळून बसायची. ते पाहूनही मी गप्पच.

महादू, हे लिहिलेलं कुणीतरी तुला वाचून दाखवील. ती पूड मी कुटली होती. आत्या त्या दिवशी गावातही नव्हती. तिनं नाही मारलं रे तुझ्या मायला. मी मारलं.