कोरांटीला काही लागत नाही

जिला काही लागत नाही असं सगळेच म्हणतात, तिची काळजी कोणी घ्यायची? मला खरंच सांगता येत नाही.

नोकरीसाठी बेटेगावला एकटीसाठी खोली घेतली तेव्हा आईने गावच्या कुंपणावरची कोरांटीची फांदी दिली होती. "लाव नि इसर. तिला कायपण लागत नाय."

मी कुंडीत लावली. पावसात वाढली, पिवळी फुलंही आली. मग मी खरंच विसरले. कारखान्याच्या लॅबमधून डबल ड्यूटी करून यायचं, खिचडी लावायची, झोपायचं.

आज सुट्टी. कपडे वाळत घालताना पाहिलं, तर कोरांटीने मान टाकलेली. शेजारच्या भाभी हसल्या, "मॅडम, इसको भी डबल ड्यूटी लगाई क्या?"

मी घाबरून आईला फोन लावला. "तूच म्हणालीस ना, काही लागत नाही?"

"अगं बाय, ती कुंपणावरची! तिथं मुळं लांब जाऊन पाणी शोधतात. कुंडीत कुठं जातील? तुलाच घालाय लागंल."

फोन कानाशी धरूनच मी तांब्याभर पाणी घातलं. आई नेहमीसारखं म्हणाली, "तुझी मात्र काळजी नाय. शिकलेली हायस."

घरातली पहिली पदवीधर मी. आईचं हे वाक्य आजवर अभिमानाने ऐकलं आणि "मी बरी आहे" म्हणून फोन ठेवला. तुम्हीही असंच करता का?

आज मी फोन ठेवला नाही. सांगून टाकलं, "आई, मला इथे करमत नाही. रोज संध्याकाळी तू फोन करत जा."