पदराखालचे दोन पिवळे धागे

मे महिन्यातला दुसरा रविवार. आप्पांची पंचाहत्तरी. वडगावातल्या हॉलचं एका दिवसाचं भाडं बावीस हजार, जेवण ताटामागे एकशे ऐंशी, ताटं दोनशे दहा. हजर: आप्पा, आई, मी, बायको, दोन्ही मुलं, निपाणीहून धाकटी बहीण, मेव्हणे आणि तिच्या सासूबाई, शिवाय भावकी आणि सगळी गल्ली.

पत्रिकेवर मी ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं की आहेर आणू नये. तरी बारा वाजेपर्यंत आईच्या खुर्चीशेजारी एकोणतीस साड्या जमल्या. त्यातली एकही कुणी नेसणार नव्हतं. आमच्याकडे या साड्या फिरत असतात. लग्नात मिळालेली वास्तुशांतीला जाते, तिथून बारशाला, आणि प्लास्टिकची पिशवी कोणत्याच घरी उघडत नाही. ज्या गल्लीत घरोघरी माग खडखडत होते, तिथंच साडीची ही गत. सकाळपासून माझं डोकं फिरलं होतं ते यावरूनच.

आप्पांनी सेहेचाळीस वर्षं माग चालवला. चार वर्षांपूर्वी तो मोडीत घातला, त्याआधी शेवटच्या ताण्यावर एकच साडी निघण्याइतका धागा उरला होता. हिरवं अंग, तांबडा काठ. ती त्यांनी माझ्या बहिणीसाठी विणली आणि भाऊबीजेला तिच्या हातात दिली. घरच्या बायकांसाठी विणलेल्या साडीला पदर संपला की ते दोन हळदी रंगाचे आडवे धागे टाकत. दुकानाच्या मालात हे कधी नसे.

चिकोडीकडच्या आईच्या एका मावसबहिणीनं पिशवी दिली आणि ती जेवायला गेली. आप्पांनी सवयीनं पिशवीत बोटं घालून हिरव्या-तांबड्या साडीच्या पदराची कड बाहेर काढली. कडेचे दोन हळदी धागे अंगठ्यानं चाचपले. मग मला जवळ बोलावलं.

"ही आपली हाय," ते म्हणाले. आणि विचारलं, "पोरीला आवडली न्हाय व्हय रं?"

पंचाहत्तरीच्या दिवशी, हार गळ्यात असताना, माझ्या बापाला हा प्रश्न पडावा! मी तडक जेवणाच्या हॉलमध्ये गेलो. बहीण पंगतीत जिलेबी वाढत होती. तिथंच, तिच्या सासूबाईंसमोर, मी तिला नको ते बोललो. बापानं डोळे फोडून विणलेली शेवटची साडी तू आहेरात फिरवलीस, घरात ठेवायला तुला जागा नव्हती का, असं बरंच. पंगतीतले लोक खाली मान घालून भात कालवत राहिले.

तिनं ताट बाजूला ठेवलं. हात पुसले.

"म्या कुणाला दिली न्हाय. तू नेलतीस, अण्णा."

मी म्हणालो, काहीतरी बोलू नकोस. तिनं मग आवाज न चढवता सगळं सांगितलं, आणि ती बोलत असतानाच मला आठवत गेलं. गेल्या उन्हाळ्यात बँकेतल्या सहकाऱ्याच्या मुलीचं सदलग्याला लग्न होतं. आहेराची साडी मी घरी विसरलो होतो. निपाणीत तिच्याकडे थांबलो, गाडी बाहेर उभी होती. ती कुकर उतरवत होती. म्हणाली, कपाटाच्या खालच्या फळीवर द्यायच्या साड्या आहेत, बघून घे. मी वरच्या फळीवरची उचलली, कारण तिची घडी चांगली होती. चहाच्या बशीखाली नऊशे रुपये ठेवले. फुकट मी कुणाचं घेत नाही. मग निपाणी ते सदलगा ती साडी माझ्या मांडीवर होती.

"मग त्याच दिवशी फोन करायचा होतास गं," मी म्हणालो. अजून माझा आवाज चढलेलाच होता.

"काय सांगायचं? तू तिची किंमत करून गेलतास. मला वाटलं, वळखूनच नेलीस."

वर्षभर ही गप्प बसली याचा मला संताप आला. त्याहून जास्त संताप माझा मलाच आला. मागाच्या आवाजात मी दहावीचा अभ्यास केला, धोटा फेकून आप्पांनी मिळवलेल्या पैशावर पदवीधर झालो, सव्वीस वर्षं बँकेत खोट्या सह्या पकडतो आहे, आणि बापाची सही मांडीवर घेऊन बसलो तरी मला दिसली नाही. पंगतीत माझ्याकडे बघणाऱ्या प्रत्येकाचा राग आला. त्यांचा काय दोष होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

तिला घेऊन मी स्टेजवर गेलो आणि आप्पांना सांगितलं, साडी मी नेली, हिनं नाही. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडेच पाहिलं.

"केवढ्याला?"

"नऊशे."

"नऊशेला परवडत न्हाय रं. जरीलाच बाराशे गेलतं."

बहीण हसली. मला हसू आलं नाही.

निघताना आईनं त्याच साडीनं तिची ओटी भरली. बहिणीनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून घडी घातलेल्या नोटा काढल्या. एक पाचशेची, दोन दोनशेच्या. वर्षभर खर्चल्या नव्हत्या. आप्पांच्या देखत तिनं त्या माझ्यापुढे धरल्या. मी हात मागे घेतला.

"घे," आप्पा म्हणाले. "ठेवताना तिला इचारलं नव्हतंस."

हॉलवाल्याला बावीस हजार आणि आचाऱ्याला सदतीस हजार आठशे मी दिले. मला बहिणीनं नऊशे दिले, आणि सासूबाईंचा हात धरून ती निपाणीच्या गाडीत बसली.