आत वळलेली पावलं

लातूरच्या बालगृहात मी मुलं सांभाळायच्या कामाला लागले आणि त्याच वर्षी भूकंप झाला. इमारतीला तडे गेल्यामुळे आम्ही बरेच दिवस मुलांना घेऊन अंगणात ताडपत्रीखाली राहिलो. त्या मुलांत चार वर्षांची एक मुलगी होती. तिला तान्ही असतानाच कुणीतरी दवाखान्याच्या ओट्यावर ठेवून गेलं होतं. तिची दोन्ही पावलं जन्मापासून आत वळलेली. तळवा जमिनीला टेकायचाच नाही. पावलांच्या कडेवर चालून चालून तिथं जाड घट्टे पडले होते. चार पावलांत दोनदा पडायची. पण उचलायला गेलं की ओरडायची, "मी येऊन राहिले की! थांब नं!"

डॉक्टर म्हणाले होते, "पाय सुधारतील. पण ऑपरेशनं लागतील, मग कितीतरी महिने प्लास्टर. घरचं माणूस पाहिजे जवळ."

घरचं माणूस कुठून आणायचं?

पुढं डेन्मार्कहून एक शिक्षिका आणि तिचा नवरा मूल दत्तक घ्यायला आले. आमच्या मोठ्या बाईंनी त्यांना आधीच पायांबद्दल सांगितलं. तरी ती शिक्षिका सरळ पोरीसमोर फरशीवर बसली आणि तिनं पावलाला हात लावला.

"न्हाई! दुखतंय!"

बाईंनी अर्थ सांगितला. तिनं झटकन हात मागं घेतला. मग स्वतःचे मोजे काढून आपलंच पाऊल पोरीपुढं ठेवलं. पोरीनं एकेक बोट ओढून पाहिलं आणि खुदकन हसली. कोर्टाचे कागद होईपर्यंत ती बाई रोज यायची आणि पायांना तेल कसं चोळायचं ते माझ्याकडून शिकायची.

मुलगी त्यांच्यासोबत डेन्मार्कला गेली. मग मोठ्या बाईंकडे पत्रं यायची, त्या मला वाचून दाखवायच्या. मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला फोटो आला. डावं पाऊल पुन्हा वळलं, तेव्हा दुसरं ऑपरेशन झालं. आईनं शाळेतून रजा घेतली होती. पोरीनं कुबड्या कपाटात टाकून कुलूप लावलं आणि किल्लीच लपवली, असं एका पत्रात होतं. मी पोट धरून हसले, नंतर डोळे पुसले.

बालगृहातलं काम सुटल्यावर मी क्लासला येणाऱ्या मुलींसाठी खानावळ काढली. तोवर गल्लीगल्लीत कोचिंगच्या पाट्या झाल्या होत्या. एका दुपारी मोठ्या बाईंचा फोन आला, "ती आलीय. तुमच्याकडे पाठवते." मी खाली उतरायला निघेपर्यंत ती तीन जिने चढून दारात उभी! उंच, हसरी. डावी पोटरी थोडी बारीक, दोन्ही बूट वेगवेगळ्या मापाचे.

तिला आमचा भाग बघायचा होता. खानावळीतली एक मुलगी इंग्रजी बोलायला सोबत घेतली आणि माझ्या माहेराकडे, कंधारला गेलो. किल्ल्याच्या तटाच्या पायऱ्या उंच, झिजलेल्या. मी निम्म्यातच टेकले. ती मात्र भिंतीला हात लावत हळूहळू वर गेली. बऱ्याच वेळानं लंगडत उतरली.

"विचार तिला, दुखतंय का."

खानावळीतल्या मुलीनं विचारलं आणि उत्तर सांगितलं, "हाव म्हणते, उद्याही दुखेल. पण वरून खंदकातलं पाणी लई छान दिसतं म्हणते. मावशी, तुम्हाला हात धरून वर नेऊ का, असं विचारतेय."

मी पदर खोचला आणि उठले.