धोंडिबाने हाक मारली होती

धोंडिबा गेला त्याला आता पाच आठवडे झाले. शेवटचा भेटलो तो राजगडाखालच्या घळीत, भर दुपारी. त्याचा हात माझ्या हातात होता... भोरात जो भेटतो तो म्हणतो, "मास्तर, पाणी अचानक आलं, त्याला कुणाचा इलाज?" मी मान हलवतो, आणि खोटं बोलतो.

भोरच्या संस्थानी शाळेत मी भूगोल शिकवतो. धोंडिबा गुंजवण्याचा, भातशेती करणारा, माझ्याच वयाचा. बारा वर्षं दर आश्विनात आम्ही दोघे घळी हिंडलो. डोंगरातल्या पाण्याचा भूगोल मला त्याने शिकवला. घळीत उतरण्याआधी तो वर चढायच्या जागा हेरून ठेवी. डोक्याहून उंच कपारीत अडकलेला काडीकचरा दाखवून म्हणे, "हितवर पानी येऊन गेलंय, मास्तर. आपल्या डोक्यावरचं आभाळ बघू नगा, वरच्या डोंगराचं बघा."

त्या दिवशी आमच्यावर लख्ख ऊन होतं. डोहाकाठी शिदोरी सोडली होती, बूट काढून मी पाण्यात पाय सोडले होते. धोंडिबा घास हातात धरून थबकला. डोहात पालापाचोळा तरंगत आला, पाणी गढूळलं.

"उठा. वर चला."

"अरे, खाऊन तर घेऊ," मी म्हणालो.

तो खडकावर चढलासुद्धा. तिथून ओरडला, "मास्तर, समदं ऱ्हाऊ द्या!" मी मात्र बूट घालत बसलो. नवे होते... ओल्या पायांत जाईनात. मग वर दगड गडगडल्याचा आवाज आला. धोंडिबा पुन्हा खाली उतरला, कमरेला धरून त्याने मला वर लोटलं. खडकावर पालथा पडून मी त्याचा हात धरला. पाणी आलं ते झाडं घेऊनच. हात सुटला. मी सोडला की पाण्याने ओढला, हे मला अजून सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी तो खाली नदीत सापडला. सरणापाशी कुणी म्हणालं, "एवढा पान्यातला जानता, पर त्यालाबी कळलं न्हाई." मी तिथेच उभा होतो. गप्प राहिलो.

गेल्या रविवारी गुंजवण्याला गेलो. त्याची बायको सर्जाबाई ओट्यावर भात पाखडत होती. तिला सगळं सांगितलं, बुटांसकट. सूप थांबलं.

"म्हंजी त्यांनी वळखलं व्हतं?"

"हो वहिनी. आधीच."

"आन तुमी बसून ऱ्हायला."

"हो."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली, खुंटीवरचं त्याचं घोंगडं काढून अंगणात उन्हाला टाकलं. "रोज घालती. कसर लागती न्हाईतर." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "गावाला सांगून जावा, मास्तर. माज्याच्यानं व्हनार न्हाई."

देवळापाशी चारजण बसले होते. त्यांना सांगितलं. एक म्हातारा उठून निघून गेला. परतताना त्याच अंगणावरून वाट होती. घोंगडं उन्हात होतं... दार आतून लावलेलं होतं.